नाताळ आवरला, डबे परत द्यायचेत, आणि एक डबा कुणाचा तेच कळत नाहीये

मरोळची_बाय | सोमवार, ५ जानेवारी २०२६, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. रविवारी रात्री, म्हणजे खरं तर सोमवार उजाडता उजाडता, भाऊ वहिनी आणि दोन्ही पोरं मस्कतला परत गेली. सोळा दिवस घर भरलेलं होतं. मी स्वतः मिरारोडहून माहेरी मरोळ गावठाणात येऊन राहिले होते, त्यामुळे हॉलभर गाद्या, बाथरूमसमोर रांग, आणि रोज रात्री एकदा तरी "माझा चार्जर कोणी घेतला".

यंदा तीन राजांचा सण ४ तारखेच्या रविवारी आला (मूळ दिवस ६ जानेवारीचा, पण आपल्याकडे चर्चमध्ये जवळच्या रविवारी धरतात). सकाळी सगळ्यांनी मिळून मिस्सा केली, दुपारी गोठा आवरला. गोठ्यात शेत दाखवायला आम्ही ट्रेमध्ये नाचणी पेरतो, ती आता वीतभर वाढून पिवळी पडायला आलेली. धाकट्या भाच्याला ती टाकवेना. शेवटी गल्लीच्या टोकाला ज्यांच्याकडे शेळी आहे त्यांच्या दारात ट्रे घेऊन गेला आणि शेळीने अख्खं शेत खाईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला. पप्पांनी एकेक मूर्ती पेपरात गुंडाळली. गाढवाचा कान दरवर्षी तुटतो आणि दरवर्षी चिकटवला जातो, यंदा ते काम नातवाला दिलं.

तारा मात्र उतरवू दिला नाही. रात्री सगळे एअरपोर्टला गेलो, पप्पा गुडघ्यामुळे घरीच थांबले. तीन वाजता आम्ही परत आलो तर व्हरांड्यातला तारा चालूच आणि पप्पा खाली खुर्चीत बसलेले. म्हटलं पप्पा, विमानं जुहूच्या बाजूने समुद्रावर उडतात, आपल्या डोक्यावरून नाही जात, त्यांना कुठून दिसणार तारा. म्हणाले, "माहीत आहे गो बाय, चाळीस वर्षं बघतोय." आणि तरी आणखी थोडा वेळ बसले.

आता मुद्द्याचं. आज ओट्यावर अकरा डबे धुऊन पालथे घातलेत. शेजारपाजारचे, काही दिवाळीच्या फराळाचे राहिलेले, काही आत्ता सुट्टीत आलेले. रिकामे द्यायचे नाहीत हे घरात ठरलेलंच आहे, पण कुसवाड संपलंय. कुलकुल नाहीत, नेवऱ्या नाहीत, मिल्क क्रीमचे चार तुकडे उरलेत. तुम्ही काय घालून देता?

आणि दुसरं म्हणजे माळ्यावर गोठ्याचं खोकं ठेवताना एक स्टीलचा डबा सापडला. आई त्यात कुलकुल वळायच्या कंगव्या ठेवायची. बुडाशी नाव कोरलेलं आहे पण घासून घासून अक्षरं गेलीत, "हिस मामाकडून" आणि ९-५-७६ एवढंच वाचता येतं. आमच्यात मामाकडून आंदणाची अशी भांडी नव्हती. आई म्हणते हा समोरच्या चाळीतल्या काकूंचा असणार, चकल्या यायच्या त्यांच्याकडून त्यात. चाळ पाडली त्याला सात वर्षं झाली, काकू डोंबिवलीला गेल्या. इतक्या वर्षांनी एक डबा द्यायला जाणं बरं दिसेल का?

---

गिरगावचा_जिना | मंगळवार, ६ जानेवारी, सकाळी ८:०५

बरं दिसेल का विचारताय? अहो उद्याच जा.

आमचं लहानपण गिरगावात, खोताच्या वाडीच्या अगदी जवळच्या चाळीत. वाडीतल्या एक ईस्ट इंडियन बाई आईबरोबर भाजीला जायच्या. २५ तारखेला सकाळी त्यांच्याकडून ताट यायचं, वर क्रोशाचा पांढरा रुमाल, त्याच्या कडेला छोटे मणी लावलेले म्हणजे वाऱ्याने उडू नये. आम्ही पोरं मण्यांच्या आवाजावर ओळखायचो की ताट आलं. ते ताट मात्र आई लगेच परत करायची नाही. सुट्टी संपायच्या आत, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. का तर म्हणे लगेच दिलं की हिशोब केल्यासारखं वाटतं आणि फार उशीर केला की विसरल्यासारखं. रुमाल धुऊन, इस्त्री करून. आणि काही नसेल तर ताटात मूठभर साखर. साखरेपेक्षा कमी काही नाही आणि साखर घातली की जास्तीचं काही लागत नाही असं ती म्हणायची.

सो तुमच्या अकरा डब्यांत साखर घाला. कुणी नावं ठेवणार नाही.

---

व्यवहारी | मंगळवार, ६ जानेवारी, सकाळी ९:३०

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. मी तीन वर्षं झाली सगळ्यांना आइस्क्रीमच्या नाहीतर हॉटेलातून आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात देते आणि स्पष्ट सांगते, परत करू नका. नोकरी, मुलं, सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, ह्यात अमक्याच्या डब्यात आता काय घालू हा विचार मला रात्री झोपू द्यायचा नाही. परतफेडीचं ओझं बाईच्याच डोक्यावर असतं. पुरुषमाणूस डबा उघडून खातो आणि झाकण शोधायलाही आपल्यालाच लागतं. प्रेम आहे ना, मग द्या आणि सोडून द्या.

---

गिरगावचा_जिना | मंगळवार, ६ जानेवारी, सकाळी १०:१५

@व्यवहारी राग कसला, तुमचं बरोबरच आहे. तुमच्या घरी जे चाललंय त्यात मी पण हेच केलं असतं. आणि बाईच्या डोक्यावर असतं हे शंभर टक्के खरं. आमच्याकडे आता डबे परत द्यायला मी जातो, बायको नाही, आणि भरायला काय हेही मीच बघतो. एक सांगू, पहिल्यांदा गेलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं आणि पाऊण तास बसवून घेतलं. बायको गेली असती तर ती स्वयंपाकघरात आजींशी बोलली असती आणि आजोबा टीव्हीसमोरच राहिले असते. डब्यामुळे दार उघडतं एवढंच म्हणायचंय.

---

रात्रपाळी | मंगळवार, ६ जानेवारी, दुपारी २:२०

मी महापालिकेच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. आमच्याकडे डबे नाही, ड्युट्या परत करायच्या असतात 🙂

माझी एक सहकारी मुस्लिम आहे. २४ ची रात्रपाळी माझ्या नावावर लागली होती. मी मागितली पण नव्हती, तिने परस्पर इन्चार्ज सिस्टरना सांगून स्वतःकडे घेतली आणि मला नुसता मेसेज, "तू मध्यरात्रीच्या मिस्साला जा, ईदला माझी तू कर". तिसरी आमची हिंदू, तिचं लक्ष्मीपूजन आम्ही दोघी मिळून सांभाळतो. कागदावर कुठे नाही हे, पण अकरा वर्षं चाललंय.

मग ३१ ची रात्र मी घेतली. आमचं हॉस्पिटल गोदीपासून लांब नाही, बाराच्या ठोक्याला बंदरातल्या सगळ्या बोटी एकदम भोंगे देतात ते वॉर्डात ऐकू येतं. एक आजी दचकून उठल्या, पहाट झाली का विचारायला लागल्या. आमचे वॉर्डमधले मामा त्यांच्या पायाशी बसले आणि सांगत राहिले, आजी बोटी आहेत, नवीन वर्ष लागलं, झोपा. त्यांचा मुलगा परदेशात असतो, सुट्टीत येणार होता, नाही जमलं. मामा त्यांचा पाय हळूहळू चेपत होते. ते मामांचं कामही नाही आणि कोणी बघतही नव्हतं. मी औषधांची ट्रॉली ढकलत आले म्हणून दिसलं.

१ तारखेला सकाळी ड्युटी सुटली, मी आणलेलं कुसवाड वॉर्डमधल्या मामा मावश्यांना वाटलं. डबा मावशींनी धुऊन माझ्या लॉकरवर ठेवला, आत दोन पेरू आणि कागदाच्या पुडीत तिखटमीठ.

@मरोळची_बाय काकूंकडे जाच.

---

वसईचा_वाडवळ | मंगळवार, ६ जानेवारी, रात्री ९:५०

आमच्याकडे वसईला अजून तारे लागलेत, पुढच्या रविवारी येशूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की उतरवू. त्या सणापर्यंत नाताळचा काळ धरतात त्यामुळे तुमच्या पप्पांना सांगा, घाई नाही, ११ तारखेपर्यंत हक्काने ठेवा.

भरायला काय म्हणाल तर सुकेळी. वसईची सुकेळी म्हणजे केळी सोलून उन्हात वाळवलेली, वर केळीच्याच सोपटात बांधलेली, टिकतात पण भरपूर आणि शहरात कुणाला सहसा मिळत नाहीत. आईने परवा मुंबईच्या चारही शेजाऱ्यांना तीच पाठवली.

पोरं परत जातात त्या दिवशी आमची आई कुणाशी बोलत नाही, नुसती बांधाबांध. सुकं बोंबील आधी पेपरात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग पुन्हा पेपर, वरून टेप, की विमानात वास सुटू नये. बाटलीमसाला वेगळा, तो उन्हाळ्यात कुटलेला, कपड्यांच्या मधोमध. माझ्या बहिणीची बॅग दरवेळी दोन किलोने जास्त भरते आणि दरवेळी बहीण आपले कपडे काढते, आईचं एक पुडकं काढत नाही. यंदा तिने हिवाळी बूट ठेवून दिले इथे. कॅनडात राहते ती. आईला कळलं नाहीये, बूट मी माझ्या कपाटात लपवलेत.

---

पीजीवाली | बुधवार, ७ जानेवारी, रात्री १२:१०

मी सोलापूरची, अंधेरीला पीजीमध्ये राहते, पहिल्यांदाच लिहितेय. सुट्ट्या नव्हत्या म्हणून घरी गेले नाही. २५ ला सकाळी घरमालकीण आंटींनी दार वाजवून प्लेट दिली, गरम फुगे आणि चिकन. फुगे म्हणजे काय मला माहीतच नव्हतं, मैदा, अंडं आणि नारळाच्या दुधाचं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडतात असं त्यांनी दाखवलं, पूर्वी यीस्टच्या जागी ताडी घालायचे म्हणे. नंतर त्यांची मुलं आलेली असताना पण एक दिवस मला जेवायला खाली बोलावलं आणि मधे बसवलं, कोपऱ्यात नाही.

आता त्यांची मुलं गेली, प्लेट माझ्याकडे तशीच आहे. काचेची आहे, महागाची वाटते. आमच्या पीजीत गॅस नाही, फक्त किटली. मी काय घालून देणार? विकतचं काही आणलं तर वाईट वाटेल का त्यांना?

---

रात्रपाळी | बुधवार, ७ जानेवारी, सकाळी ७:४०

@पीजीवाली सोलापूरची ना तू? शेंगाचटणी!! घरून कुणी येणार असेल तर मागव. आणि विकतचं आणलंस तरी काहीही वाईट वाटणार नाही. पण द्यायला रात्री जा, त्यांची मुलं आत्ताच गेलीत, संध्याकाळचा वेळ जात नसेल.

---

व्यवहारी | बुधवार, ७ जानेवारी, सकाळी ११:००

@पीजीवाली मी प्लॅस्टिकवाली असले तरी काचेची प्लेट नक्की परत कर, सेट मोडतो 🙂 आणि शेंगाचटणी आली की थोडी बाजूला काढून स्वतःला पण ठेव.

@गिरगावचा_जिना तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. काल रात्री तो शेजारच्यांचा कुकर परत द्यायला गेला, दहा महिने आमच्याकडे होता तो कुकर. रिकामाच नेला, पण गेला. येताना त्यांच्या मुलाला डायलिसिसच्या दिवशी रिक्षापर्यंत आईंना धरून न्यायला सांगून आला, मुलगा म्हणाला काकू मला आधी का नाही सांगितलं, मी त्याच वेळी कॉलेजला निघतो. दीड वर्ष मी एकटी त्यांना तीन जिने उतरवतेय.

---

मरोळची_बाय | गुरुवार, ८ जानेवारी, रात्री १०:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नऊ डबे गेले. साखर, सुकेळी (@वसईचा_वाडवळ ऑफिसातल्या एका मैत्रिणीने नायगावहून आणून दिली), दोन घरांत आईने अंडी घातली कारण कोंबड्या आमच्याच.

एक गोष्ट सांगायची राहिली. वहिनीने जायच्या आधी पप्पांच्या गोळ्यांचे चार खोके भरून ठेवलेत, चार आठवड्यांचे. पप्पांना इंग्लिश बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून प्रत्येक कप्प्यावर पट्टी चिकटवून मराठीत सोम मंगळ लिहिलंय. तिला मराठी लिहायची सवय नाही, ती मंगळुरी, कोंकणी पण कानडी लिपीत लिहिते. "शुक्र" चा क्र दोन वेळा खोडलाय, तिसऱ्यांदा बरोबर आलाय. ती हे कधी करत बसली आम्हाला माहीत नाही, बहुतेक पोरं म्हातारा जाळायला बाहेर होती तेव्हा. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, ३१ च्या रात्री गवत आणि जुन्या कपड्यांचा म्हातारा करून जाळतो आम्ही, सरलेलं वर्ष म्हणून.) आज सकाळी पप्पांनी खोका हातात घेतला आणि गोळी घ्यायच्या आधी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

रविवारी डोंबिवलीला जातेय. काकूंचा नंबर आईच्या जुन्या डायरीत मिळाला, लागला पण.

---

गिरगावचा_जिना | शुक्रवार, ९ जानेवारी, सकाळी ८:२०

रविवारी मेगाब्लॉक बघून निघा. मेट्रोने घाटकोपर आणि तिथून डोंबिवली करणार असाल तर दहाच्या आत गाडीत बसा. डब्यात काय नेताय?

---

मरोळची_बाय | शुक्रवार, ९ जानेवारी, दुपारी १:१५

फुगे. काकू शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही, त्यामुळे आई बिनअंड्याचे करून बघणार म्हणते, नुसतं नारळाचं दूध आणि यीस्ट. पन्नास वर्षांत पहिल्यांदा असे करतेय ती. काल एक घाणा केला, दगड झाले. आज परत भिजवलंय.

---

पीजीवाली | शनिवार, १० जानेवारी, रात्री ११:२५

चटणी आली! भावाने एसटीच्या पार्सलने पाठवली. आत्ता प्लेट देऊन आले. आंटींनी लगेच एक घास पावाला लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी, तिखट लागलं 😄 मग म्हणाल्या बस. त्यांच्या मुलीची खोली दाखवली. पलंगावर चादर बदलली नव्हती अजून, त्या म्हणाल्या बदलेन दोन दिवसांनी. मी काही बोलले नाही, त्यांच्याबरोबर बसून तासभर सिरीयल बघितली.

---

मरोळची_बाय | रविवार, ११ जानेवारी, रात्री ९:४५

आत्ताच आले. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळे थांबलाय.

आईला पण नेलं. ठाण्याच्या पुढे ती सात वर्षांत गेली नव्हती. काकू चौथ्या मजल्यावर सुनेबरोबर राहतात, खालीच उभ्या होत्या, अर्धा तास आधीपासून म्हणे. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य काय तर काकू म्हणाल्या, "अगं तुझी बारीक झालीय वेणी."

फुगे तिसऱ्या घाण्याला जमले होते, अगदी हलके नाही पण खाण्यासारखे. काकूंनी दोन खाल्ले आणि तिसरा पदराखाली झाकून नातवासाठी ठेवला. मग डबा रिकामा करून पालथा केला, चष्मा लावला, बुडावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा माझा नव्हेच."

आम्ही बघतच राहिलो. तर हकिकत अशी. काकूंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ९ मे १९७६ ला झालं, सांगलीला. मामाने आंदण दिलेल्या भांड्यांतला तो डबा. बहीण एकदा मुंबईला आली तेव्हा त्यात काकूंना बेसनाचे लाडू घेऊन आली. काकूंनी परत पाठवायच्या आधी त्यात चकल्या भरून आमच्याकडे दिल्या, कारण त्या दिवशी घरात दुसरा मोकळा डबा नव्हता. आईने त्यात कुलकुल भरून परत पाठवला, काकूंनी पुन्हा चकल्या, असा तो दोन दारांमध्ये वीसेक वर्षं फिरत राहिला आणि चाळ सुटली तेव्हा नेमका आमच्याकडे होता. बहिणीने दोन-तीनदा विचारलंही होतं म्हणे, काकू दरवेळी म्हणायच्या "मरोळला आहे, सुखात आहे."

बहीण आता सत्तरीची, सांगलीतच असतात. काकूंनी तिथूनच फोन लावला. त्यांना पहिल्यांदा कळेना, मग म्हणाल्या, "झाकणाला पोचा आहे का बघा." आहे. उजव्या बाजूला. तो पोचा लग्नाच्या दिवशीच बैलगाडीतून उतरवताना पडलेला. आई त्या पोच्यात बोट घालून झाकण उघडायची, मी लहानपणापासून बघत आलेय, मला वाटायचं तो त्यासाठीच केलाय.

तर डबा परत माझ्याकडेच आहे. काकूंनी त्यात तिळाचे लाडू भरलेत, बुधवारी संक्रांत आहे ना, पण ते आमच्यासाठी आहेत, बहिणीसाठी नाहीत असं दोनदा बजावलंय. बहिणीसाठी वेगळं काहीतरी आईने भरायचं. आई आत्ता मैदा चाळतेय, बाटलीमसाल्याची पुडी पण काढून ठेवलीय. तारा आज उतरवला, पप्पांनी स्वतः स्टुलावर न चढता खालून सूचना देत.

कुरियरने पाठवायचं मन होत नाहीये. सांगलीकडे जाणारं कुणी आहे का इथे?

---

व्यवहारी | रविवार, ११ जानेवारी, रात्री १०:२०

कुरियर नकोच. मी कधी सांगलीला जात नाही नाहीतर स्वतः नेला असता.

---

कृष्णाकाठ | सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ६:५५

रोज वाचतो, लिहीत नाही. मी शुक्रवारी महालक्ष्मीने सांगलीला जातोय, आईवडील तिथेच असतात. दादरला गाडीत बसतो. संध्याकाळी सातला स्टेशनवर येऊ शकाल का, पुलाखाली इंडिकेटरजवळ उभा राहीन. पत्ता व्यनि करा. शनिवारी सकाळी घरी जायच्या आधी डबा पोचता करतो, आणि त्या काय भरून देतील ते रविवारी रात्रीच्या गाडीने परत आणतो.